गुप्तेबाईंचा पिठ्ठू

'चालतंय की' हे दोन शब्द गुप्तेबाईंसमोर उच्चारायची सोय नव्हती. शिवण जरा वाकडी गेली आणि मशिनवरची बाई म्हणाली, "चालतंय की बाई, आतल्या अंगाला हाय," की बाई गळ्यातल्या दोरीला अडकवलेली छोटी कातर काढायच्या आणि तिच्या डोळ्यांदेखत सगळी शिवण उसवून टाकायच्या. रागावायच्या नाहीत. उसवता उसवता तिच्या पोरांची चौकशी करायच्या. त्यानेच जास्त जीव जायचा. कुणी रागावलं तर माणूस मनात चार शिव्या देऊन मोकळं होतं. इथे तीही सोय नाही!

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. अजूनही बाजारात पिशवी घेताना मी आधी ती उलटी करून आतली शिवण बघते. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

वसुधा गुप्ते हे त्यांचं पूर्ण नाव, पण सगळं कर्जत त्यांना 'बाई'च म्हणायचं, कारण अर्ध्या कर्जतातल्या मुलींना त्यांनी शाळेत शिवण आणि पी.टी. शिकवली होती. घर जुनं कायस्थांचं. बोलणं खणखणीत, जेवण त्याहून झणझणीत. बाईंच्या हातचं वालाचं बिरडं ज्याने खाल्लं नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही, नुसती कीव करते. तर अशा सुखवस्तू घरातली ही शिक्षिका एक दिवस नोकरी सोडून चौक गावाच्या पुढे एक पत्र्याची शेड भाड्याने घेते आणि फौजेसाठी पिठ्ठू शिवायला लागते, म्हणजे लोकांनी काय म्हटलं असेल ते तुम्हीच समजा.

पिठ्ठू म्हणजे जवानाच्या पाठीवरची मोठी बॅग. अंथरूण, शिधा, कपडे, सगळा संसार त्यात. आणि बाईंना शिवायचे होते ते साध्या फौजेचे नव्हे, राखीव दलाचे. राखीव दलातली माणसं एरवी रेल्वेत, बँकेत, शेतात कामाला असतात. बोलावणं आलं की वर्दी चढवून हजर. बाईंचा धाकटा भाऊ त्यातलाच होता. एरवी रेल्वेत तिकिटं तपासायचा. एकदा तो ट्रेनिंगहून घरी आला तो दोन्ही खांदे सोलवटून. पलटणीत नवं सामान आधी इतरांना, मग उरलंसुरलं यांना. त्याच्या पिठ्ठूचा एक पट्टा तुटलेला, तिथे सुतळी बांधलेली. बाईंनी खांद्यांना हळद लावली आणि विचारलं, "हे शिवतं कोण रे?"

त्याला काय माहीत कोण शिवतं! पण बाईंनी शोधून काढलं. टेंडर निघतं, कारखानेवाले भाव भरतात, ज्याचा भाव कमी त्याला काम. "म्हणजे मलाही भरता येईल," बाई म्हणाल्या. काका, म्हणजे त्यांचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले. ते नुसते म्हणाले, "चहा टाकू का?" बाईंनी एकदा ठरवल्यावर चहा टाकण्यापलीकडे कुणाच्या हातात काही नसतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

मी त्यांच्याकडे टेंडरचं कॉम्प्युटरकाम बघायला लागले ती अशी. मी पळसदरीची, बी.कॉम. झालेली. नवा ड्रेस घालून मुलाखतीला गेले. बाईंनी माझी फाइल बाजूला ठेवली, तांदूळ भरलेला एक पिठ्ठू उचलला आणि माझ्या पाठीवर चढवला.

"आता बस इथे आणि टाइप करून दाखव."

"अहो बाई, पण..."

"पण काय? हातांना काही झालंय का?"

मी टाइप केलं. मान अवघडली, घाम फुटला, ड्रेसची तर वाट लागली. बाई चहा पीत शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ज्याचे कागद करणार तो कसा दुखतो ते कळलं ना? उद्यापासून ये." मी घरी जाऊन आईला सांगितलं, बाई वेडी आहे. दुसऱ्या दिवशी वेळेआधी शेडवर हजर होते. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

एकदा टेंडरच्या आधीच्या बैठकीला बाई मला पुण्याला घेऊन गेल्या. मोठा हॉल, सगळे सूटबूटवाले पुरवठादार, आणि त्यात सुती साडीतल्या आमच्या बाई, पायात माथेरानची चप्पल. सगळ्यांचे प्रश्न माल कधी, पैसे कधी, दंड किती. बाईंनी हात वर करून विचारलं, "खांद्याच्या पट्ट्याखालची गादी इतकी पातळ का ठेवलीय?"

समोरचे अधिकारी म्हणाले, "मॅडम, हे राखीव दलासाठी आहे. वर्षातले काही दिवसच वापर होणार."

बाई उभ्या राहिल्या. "साहेब, राखीव म्हणजे उरलेला नव्हे. आमच्याकडे घरात पाहुण्यांसाठी ताट राखून ठेवतात, ते चांगलं असतं म्हणून राखतात. चेपलेलं ताट कुणी राखत नाही."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, आणि सुधारलेल्या कागदांत गादी जाड होऊन आली. परतीच्या गाडीत मी बाईंकडे बघतच राहिले होते. त्या खिडकीला डोकं टेकून घोरत होत्या.

बाईंची एक रीत होती. कुठल्याही मालाचा पहिला नग मशिनवरून उतरला की तो डोंगर चढणार. चौकच्या बाजूने माथेरानला चढायची पायवाट आहे. वाडीतल्या बाया डोक्यावर भाजी घेऊन त्याच वाटेने वर जातात. बाई पिठ्ठूत आपल्या कर्जतचा तांदूळ भरायच्या, पाठीला लावायच्या आणि साठीच्या वयात ती वाट चढायच्या. बरोबर तारा. तारा दरवडा आमची सगळ्यात जुनी मशिनवाली, ठाकरवाडीतली, बोलायला फटकळ. वर पोचल्यावर तांदूळ एका ओळखीच्या खानावळीत विकायचा, म्हणजे पिठ्ठूची परीक्षाही झाली आणि फेरीही फुकट गेली नाही. उतरून आल्या की बाई साडीचा पदर बाजूला सारून खांदा बघायच्या. वळ उठला असेल तर डिझाइन पुन्हा. वळ नसेल तर दुसऱ्या दिवशी सगळ्या शेडला बिरडं.

अशा रीतीने छोटी छोटी कामं करत करत एकदाचं मोठं काम मिळालं. एका आख्ख्या राखीव पलटणीचे पिठ्ठू. या कामात एक नियम असतो. आधी एक नमुना द्यायचा. तो पास झाला की साहेब त्याला लाख लावून सील करतात. नंतरचा सगळा माल त्या सीलबंद नमुन्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. कमी नको, जास्तही नको. आमचा नमुना बाईंनी स्वतःच्या हाताने शिवला होता, वैशाखात डोंगर चढवून आणला होता, आणि पहिल्या झटक्यात पास झाला होता.

काम सुरू झालं ऐन आषाढात. त्या साली पावसाने असं झोडपलं की डोंगराची वाट बंद केली. मुदत तर डोक्यावर बसलेली. बाईंनी मालाचा पहिला नग खुंटीला टांगला आणि म्हणाल्या, "वाट उघडली की आधी हा." मशिनं धडधडत राहिली. वाट उघडेपर्यंत भाद्रपद लागला आणि सगळा माल शिवून, बांधून तयार होता. तपासणीचे साहेब दोन दिवसांत येणार होते. मी म्हटलं, "बाई, आता कशाला चढताय? नमुना चढलाय की." बाईंनी तो नग खुंटीवरून काढला, तांदूळ भरला आणि तारासोबत निघाल्या. पाऊस रिपरिप चालूच होता.

दुपारी परत आल्या त्या लंगडत. कोपर फुटलेलं, साडी चिखलाने भरलेली. तारा मागून ओरडत होती, "म्या सांगत व्हते बसा म्हनून, ऐकतंय कोन!"

झालं होतं ते असं. खांद्याचा पट्टा ज्या बकलातून ओवून घट्ट करतात, ते बकल कोरडं असताना पक्कं धरायचं. पट्टा भिजला की मात्र भार पडल्यावर सुर्रकन सुटायचा. खडकाच्या चढावर एका बाजूचा पट्टा सुटला, सगळं वजन दुसऱ्या खांद्यावर गेलं आणि बाई आडव्या. ताराने पदराला धरलं म्हणून खाली गेल्या नाहीत.

मी हळद आणायला धावले तर बाई खुर्चीत बसून स्वतःलाच बोलत होत्या. "कर्जतात जन्म काढला आणि पट्टा कोरडा तपासला! अगं, इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, उन्हाळ्याचा डोंगर वेगळा आणि पावसाळ्याचा वेगळा. नमुना मीच शिवला. मीच वैशाखात चढवला. मीच नाचले."

चूक कळली, पण आता करायचं काय? बकल बदललं तर माल सीलबंद नमुन्याशी जुळणार नाही, म्हणजे नापास. नवा नमुना मंजूर करून घ्यायचा तर मुदत उलटून जाणार. आणि गंमत बघा, काहीच केलं नाही तर सगळा माल शंभर टक्के पास! नमुन्यासारखाच होता ना तो. नमुनाच चुकलेला, हे आमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. कागदात कुठेही ओल्या पट्ट्याचा शब्द नव्हता.

मी म्हटलं, "बाई, आधी पास होऊ दे. मग कळवू."

बाई खुर्चीतून लंगडत उठल्या. मग त्यांनी मशिनं बंद करायला लावली आणि सगळ्या बायांना गोळा केलं. बहुतेक आसपासच्या वाड्यांवरच्या. दिवाळी या कामावर होणार होती, हे सगळ्यांना ठाऊक.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "पट्टा ओला झाला की सुटतो. मी साहेबांना सांगणार आहे. सांगितलं तर बहुतेक काम जाईल. काम गेलं तर शेड निम्मी रिकामी होईल. मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय. शिव्या द्यायच्या असतील तर आत्ता, तोंडावर द्या."

एकीने खरंच दिल्या. चांगल्या सणसणीत. पिशवी उचलली आणि ती निघून गेली. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग तारा म्हणाली, "बाई, आमच्या चुली या पट्ट्यावर हायेत."

"माहीत आहे गं."

"पन तुमी पडलात तवा म्या व्हते. त्या पोरांमागं कोन हाय?" तिने पदर खोचला. "सांगा मंग सायबाला. काय व्हायचं त्ये व्हईल."

साहेब आले. रावत त्यांचं नाव, मूळचे उत्तराखंडचे, कामात कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी सीलबंद नमुना काढला, ढिगातले नग उचलून मोजपट्टीने ताडून बघितले. हसून म्हणाले, "बढ़िया है मॅडम. बिलकुल सॅम्पल जैसा."

"साहेब, सॅम्पलच चुकीचं आहे," बाई म्हणाल्या.

त्यांना वाटलं आपल्याला मराठी नीट कळलं नाही. बाईंनी हिंदीत सांगितलं. तरी ते म्हणाले, "मॅडम, मेरा काम मिलान करना है. मिल गया. आप क्यों अपने पाँव पर कुल्हाड़ी मार रही हैं?"

बाईंनी वाद घातला नाही. एक पिठ्ठू उचलला, तांदूळ भरला, बादलीभर पाणी पट्ट्यांवर ओतलं, पाठीला लावला आणि म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर." फुटलेल्या कोपराला पट्टी तशीच होती. रावत साहेब छत्री घेऊन मागे, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे तारा. पायवाट जिथे सुरू होते तिथे पहिला खडक लागतो, त्यावर बाई चढायला लागल्या. चार पावलं गेल्या असतील, पट्टा सुटला. बाई गुडघ्यावर आल्या. रावत साहेब छत्री टाकून धावले, हात पुढे केला.

बाईंनी हात धरला नाही. "थांबा साहेब. आता असं समजा तुम्ही इथे नाही आहात. जवानाला हात द्यायला इथे कोण असतं?" आणि त्या वजनासकट, एका खांद्याने, खडकाला धरून स्वतःच उठल्या. मला रडू फुटलं. खरं सांगते, देवळात जाऊनसुद्धा मला कधी असं झालं नाही. त्या चिखलात त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर म्हणाल्या असत्या, आधी तो पट्टा धर.

रावत साहेबांनी सुटलेला पट्टा हातात घेऊन बघितला. "हमारे गाँव में ऐसे ही पहाड़ हैं," एवढंच म्हणाले. मग खाली उतरताना थांबून त्यांनी म्हटलं, "मैंने जो देखा वही लिखूँगा. ऑर्डर चला जाएगा. सोच लीजिए."

"लिहा," बाई म्हणाल्या. "आणि ओल्या पट्ट्याचंही लिहा. पुढच्या टेंडरवाल्यांना कळू दे."

काम गेलं. मुदतवाढ मिळाली नाही, अनामतही गेली. काही मशिनं विकली गेली, शेडच्या निम्म्या भागाला पडदा लागला. बाई दप्तरं शिवायला लागल्या. ज्या बाया राहिल्या त्यांनी ते सगळे पिठ्ठू उसवले, बकलं बदलली, आणि ते हळूहळू ट्रेकवाल्या पोरांना विकले गेले. दिवाळीला काकांनी स्वतः प्रत्येकीच्या घरी फराळ पोचवला. शिव्या देऊन गेलेलीच्या घरीसुद्धा. ती संक्रांतीनंतर परत आली. बाईंनी नुसतं मशिनकडे बोट दाखवलं.

पुढच्या साली त्याच पिठ्ठूचं नवं टेंडर निघालं. मी कॉम्प्युटरवर उघडलं आणि किंचाळले. त्यात एक नवं कलम होतं, पट्टा पाण्यात भिजवून, वजन लटकवून तपासावा. बाईंनी चष्मा लावून ते पुन्हा पुन्हा वाचलं. आम्ही भाव भरला. जमेल तेवढा कमी भरला. तरी आमच्यापेक्षा कमी भाव दुसऱ्या एका बड्या कारखान्याचा निघाला. आम्ही हरलो.

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "हा कुठला न्याय बाई? पडलात तुम्ही, काम गेलं तुमचं, आणि शिवणार ते!"

"शिवू दे ना."

"आणि आपण?"

"आपण दप्तरं शिवू." मग जरा थांबून म्हणाल्या, "संगीता, तू वेडी आहेस का गं? भिजवून तपासणार आहेत. भिजवून!" आणि दुसऱ्या दिवशी त्या बिरडं करून घेऊन आल्या. मी रागाने जेवले नाही. म्हणजे, एकदाच वाढून घेतलं.

बाईंना मी शेवटचं नीट असं पाहिलं ते त्या जाण्याआधीच्या पावसाळ्यात. खोपोलीकडे घाटात दरड आली होती, रस्ता बंद होता, मदतीला फौजेच्या गाड्या येत होत्या. आम्ही दोघी चौकच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या. बाईंच्या हातात आता काठी आली होती. एक ट्रक चहाच्या टपरीसमोर थांबला. जवान खाली उतरले, पाठीला पिठ्ठू, सगळे चिंब. टपरीवाल्याशी मराठीत बोलत होते. एक जण सांगत होता की तो साताऱ्याला बँकेत आहे, काल दुपारपर्यंत काउंटरवर होता.

माझ्या लक्षात यायच्या आत बाई माझ्या हातात काठी देऊन पुढे गेल्या. त्या बँकवाल्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या पिठ्ठूचे दोन्ही पट्टे पकडून सगळा भार टाकून खाली ओढले. अक्षरशः लोंबकळल्या म्हणा ना. तो पोरगा हेलपाटला, हातातला चहा सांडला.

"ओ मावशी! काय करताय काय?"

पट्टा तसूभर हलला नाही. बाईंनी तो पुन्हा ओढला, बकलावर अंगठा फिरवला, ओल्या पट्ट्यावर बोट दाबून बघितलं. मी त्याला सांगायला तोंड उघडलं की बाबा रे, हा पट्टा कुणामुळे... तर बाईंनी मागे न बघता हात वर करून मला गप्प केलं.

"खांदा दुखतो का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही हो मावशी. चांगलाय हा." तो आता हसत होता. "तुमच्या ओळखीचं कुणी आहे का पलटणीत?"

"आहेत की," बाई म्हणाल्या. "सगळेच."

शिट्टी वाजली. पोरगा धावत जाऊन ट्रकमध्ये चढला आणि वरून त्याने हात केला. ट्रक घाटाच्या बाजूला वळून दिसेनासा झाला तरी बाई तिथेच उभ्या होत्या, भर पावसात, आणि काखेतली छत्री उघडायची त्यांना आठवणच राहिली नव्हती.